‘घसरून पडली’ असं मीही लिहिलंय

एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. त्यातली अकरा वर्षं कॅज्युअल्टीत गेली. रिटायर झाल्यावर आमच्या गावातल्या महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसायला लागले. टेबलाच्या या बाजूला आल्यावर मला माझंच जुनं काम वेगळं दिसायला लागलं. तेच आज सांगायचं आहे, आणि थोडं भांडायचंही आहे. निम्मं दवाखान्याशी, निम्मं आपल्याच संघटनांशी.

मागच्या वर्षी केंद्रात एक बाई आली. आपण तिला सुमन म्हणू. पोटगीची केस चाललेली. नवरा मारायचा असं तिनं कोर्टात सांगितलं, तेव्हा समोरच्या वकिलानं तिचाच जुना केसपेपर पुढे केला. ‘बाथरूममध्ये घसरून पडल्याने डाव्या हाताचे हाड मोडले.’ वकिलानं विचारलं, बाई, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? सुमन गप्प राहिली. केंद्रात तिनं तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “सिस्टर, हे मी बोललेच नव्हते. नवरा बोलला. माझ्या तोंडात तर पदराचा बोळा होता.”

दवाखाना माझा नव्हता, अक्षरही माझं नव्हतं. पण वाक्य ओळखीचं होतं. डॉक्टर सांगायचे आणि रजिस्टरात मी लिहायचे. पायरीवरून पडली. दाराची कडी लागली. म्हशीनं ढुशी दिली. स्टोव्हचा भडका उडाला. ढेकणाचं औषध चुकून प्याली. अकरा वर्षांत किती बायका ‘घसरून’ पडल्या याचा हिशोब मी ठेवला नाही. आता वाटतं, ठेवायला हवा होता.

आम्हाला कळत नव्हतं का? कळत होतं. जो माणूस घसरून पडतो त्याचे तळवे आणि गुडघे सोलवटतात. या बायकांच्या हाताची बाहेरची बाजू काळीनिळी असायची, कोपरापासून मनगटापर्यंत, कारण त्यांनी तोंड वाचवायला हात वर केलेला असायचा. एक वळ जांभळा, शेजारचा हिरवट, त्याच्या शेजारचा पिवळा, म्हणजे मार एका दिवसाचा नाही. थोबाडीत बसून कानाचा पडदा फाटलेला. गरोदर बाई आणि मार नेमका पोटावर. दुखापत परवाची आणि दवाखान्यात आज. आवाज बसलेला, गिळताना त्रास, आणि गळ्यावर मात्र नाव घेण्यासारखं काही नाही. गळा आवळलेल्या बाईच्या मानेवर खूण दिसेलच असं नसतं, आणि पुढे जिवावर बेतण्याची ही मोठी खूण असते. हे सगळं आमच्या डोळ्यांना दिसत होतं. ड्रेसिंग झालं की मावशी बाहेर येऊन सांगायच्या, “नवऱ्यानं मारलंय हो.” सगळ्या कॅज्युअल्टीला माहीत असायचं. फक्त कागदाला माहीत नसायचं.

असं का व्हायचं? पहिलं कारण, केसपेपरवर दुखणं बाईचं असतं आणि तोंड दुसऱ्याचं. तिला घेऊन येतो तोच, ज्यानं मारलं तो. नाव, वय, पत्ता, काय झालं, सगळं तोच सांगतो. बाई खाली बघत असते. डॉक्टर त्याच्याकडे बघून लिहितात. दुसरं कारण, पोलिसांची भीती. एमएलसी केली की हवालदार येणार, जबाब होणार, डॉक्टरला कधीतरी कोर्टात उभं राहावं लागणार. त्यापेक्षा ‘पडली’ बरं. बाईलाही वाटतं, पोलीस आले तर घरी गेल्यावर माझं काय? तिसरं कारण सांगताना लाज वाटते. आम्हाला ते आमचं काम वाटतच नव्हतं. टाके घालणं आमचं काम, संसार तिचा. आमच्याच एक सिस्टर दोनदा डोळ्याला काळा चष्मा लावून ड्यूटीवर आल्या होत्या. ‘डोळे आलेत’ म्हणाल्या. आम्ही मान डोलावली. जिथे सहकारणीला विचारायचं धाडस नव्हतं, तिथे पेशंटला कोण विचारणार?

हे फक्त माझ्या दवाखान्याचं नव्हतं. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागातल्या नोंदी दागा, जेजीभॉय आणि राजगोपाल या अभ्यासकांनी तपासल्या होत्या. १९९९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा वर्षांवरच्या ज्या स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश घरच्या मारहाणीच्या होत्या. काही उघड, काही दाट संशयाच्या. म्हणजे रजिस्टर नीट वाचलं तर ते बोलतं. वाचणारं कोणी हवं.

आता आपल्या बाजूचं भांडण. आपली चळवळ उभी राहिली ती जळालेल्या सुनांच्या प्रश्नावर. १९८३ साली ४९८-अ आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं. मोर्चे काढले, शवविच्छेदनाचे अहवाल मागितले, पंचनाम्यासाठी रात्र रात्र बसलो. १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानं पोलिसांच्या आवारात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. हे सगळं मोलाचं आहे. पण बघा, आपण पोलीस ठाण्यात गेलो, कोर्टात गेलो, शवागारापर्यंत गेलो. बाई जिवंत असताना जिथे सर्वांत आधी येते त्या कॅज्युअल्टीत मात्र आपण गेलो नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ ची आकडेवारी सांगते, की देशात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २९ जणींनी नवऱ्याचा शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार सोसला आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ आहे. आणि हिंसा सोसलेल्या शंभरांतल्या फक्त १४ जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली. बाकीच्या पोलिसात जात नाहीत, आपल्या केंद्रातही येत नाहीत. पण हात मोडला तर प्लास्टर घालायला येतातच. डोकं फुटलं तर टाके घालायला येतातच. दवाखान्यात जायला बाईला सबब शोधावी लागत नाही. तेवढं एकच दार तिला उघडं आहे, आणि त्या दाराशी आपण नाही.

नसतं जमत म्हणावं तर तसंही नाही. मुंबईत वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २००० साली महानगरपालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. बाहेरच्या बायका आणून बसवल्या आणि काम झालं, असं तिथे केलं नाही. रुग्णालयातल्याच डॉक्टर, सिस्टर आणि कर्मचाऱ्यांना शिकवलं, की ओळखायचं कसं, विचारायचं कसं, लिहायचं कसं. पुढे मुंबईतल्या आणखी पालिका रुग्णालयांत ही केंद्रं झाली. केरळ सरकारनंही जिल्हा रुग्णालयांत ‘भूमिका’ केंद्रं काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली डॉक्टर-नर्सेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट विचारत सुटा, असं त्यात नाही. दुखणं आणि सांगितलेलं कारण जुळत नसेल तिथे एकांतात विचारा, ऐका, दोष देऊ नका, तिच्या जिवाच्या सुरक्षिततेचं बघा, असं आहे.

कायदाही आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या सातव्या कलमानं दवाखान्यावर उपचाराची जबाबदारी टाकली आहे. नियमांत तर स्पष्ट लिहिलं आहे, की आधी तक्रार केली नाही म्हणून उपचार नाकारता येणार नाहीत, बाईचा घटना अहवाल झालेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखानंच नमुना १ भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची. मैत्रिणींनो, खरं सांगते, हा नमुना १ मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिला नाही. कायदा आला तेव्हा मी कॅज्युअल्टीतच होते.

औषध प्यालेल्या बायकांचंही असंच. पूर्वी आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा लागेल म्हणून आम्ही दया येऊन ‘चुकून प्याली’ लिहायचो. मानसिक आरोग्य सेवेच्या २०१७ च्या कायद्यानं सांगितलं, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते जुनं ३०९ कलम सरसकट राहिलेलंही नाही. म्हणजे आता खोटं लिहून दया दाखवायची गरज नाही. खरं लिहिण्यातच दया आहे.

माझ्या ओळखीचा एक तरुण डॉक्टर मला म्हणाला, “सिस्टर, रात्रपाळीला मी एकटा. अपघात, साप चावलेले, दारूडे. विचारायला वेळ कुठे आहे?” त्याचं खोटं नाही. मी त्याला सांगितलं, दोन मिनिटं लागतात. नवऱ्याला केसपेपर काढायला किंवा औषध आणायला पाठवायचं, पडदा ओढायचा, आणि म्हणायचं, “ताई, अशा जखमा बऱ्याचदा कुणी मारल्यावर होतात. तुमच्या बाबतीत तसं झालंय का?” ती हो म्हणाली तर तिच्याच शब्दांत लिहायचं. कोणी मारलं, कशानं मारलं, कधी मारलं. नाही म्हणाली तर तिचं म्हणणं लिहायचं, आणि जखम कशी दिसते तेही लिहायचं. आणि शेवटचा प्रश्न, “आज घरी जायला भीती वाटते का?” वाटत असेल तर त्या रात्री तिला दाखल करून घेता येतं. एका खाटेनं जीव वाचतो.

तो म्हणाला, “विचारलं आणि ती हो म्हणाली, तर पुढे मी काय करू?” याला मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. विचारून हात वर करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. उत्तर आपण आहोत, पण आपण तिथे नसतो.

काही मैत्रिणींना भीती वाटते, की सगळं कागदावर आलं तर बाईवर पोलीस केसची सक्ती होईल. ती भीती रास्त आहे. म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. नोंद म्हणजे फिर्याद नव्हे. एमएलसी झाली तरी जबाब द्यायचा की नाही, पुढे जायचं की नाही, हे बाईनं ठरवायचं, आणि तिनं नको म्हटलं तर तेही लिहून ठेवायचं. आज तिला नवऱ्याकडेच परत जायचं असेल, जाऊ दे. पण चार वर्षांनी ती कोर्टाच्या पायरीशी येईल तेव्हा तिच्या हातात खरा कागद असायला हवा. सुमनच्या हातात नव्हता.

तेव्हा प्रत्येक गटाला माझं सांगणं आहे. आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटा. नुसतं निवेदन देऊन फोटो काढून परत येऊ नका. माहितीच्या अधिकारात विचारा, गेल्या तीन वर्षांत नमुना १ किती भरले? शून्य उत्तर आलं तर तेच घेऊन पुन्हा जा. सिस्टरांना आणि मावशींना भेटा, कारण बायका आधी त्यांच्याशी बोलतात. रात्री फोन उचलणारी एक तरी कार्यकर्ती ठेवा आणि तिचा नंबर ड्रेसिंगच्या खोलीत लावा. बाईच्या हातात पत्रक मात्र देऊ नका, ते नवऱ्याच्या हाती पडलं तर तिलाच मार. आणि केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला सांगा, दवाखान्यात गेलीस तर तुझं तू बोल, लिहिलेलं वाचून घे, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांग.

सुमनची केस अजून चालू आहे. तिच्या शेजारणीनं साक्ष द्यायचं कबूल केलं आहे. परवा ती मला म्हणाली, “सिस्टर, तेव्हा तुम्ही असता तर विचारलं असतं ना?”

मी होते, बाई. दुसऱ्या गावात, दुसऱ्या दवाखान्यात, पण त्याच खुर्चीवर मी होते. आणि मी विचारलं नाही. म्हणून आज हे लिहिते आहे.