तरवडाची नोंद कोण ठेवणार?

कासच्या पठाराला २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला. सहली तिकडेच जातात. पण माण, आटपाडी, जतच्या माळावर पावसाने दडी मारली तरी पिवळाधमक फुलणारा तरवड हाच आम्हा दुष्काळी लोकांचा खरा सोबती. त्याच्या सालीने चामडे कमावले, फुलांनी नवरात्रात घटाला माळ दिली. तोंड आले की आजी सालीच्या काढ्याच्या गुळण्या करायला लावते. तेलंगणाने तर याला राज्यफूल मानले! आमच्याकडे ही विद्या निरक्षर आज्यांच्या तोंडीच आहे. त्यांच्याबरोबर ती सरणावर जाईल. घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या आम्हा मुलांनी ती आधी वहीत उतरवावी. खरेखोटे प्रयोगशाळा मागाहून पारखील. पण नोंदच नसेल तर पारखणार काय?