चढाईपटू कसा पारखावा?

भातकापणी उरकली, थंडी पडली, की आमच्या लांजा-राजापूर पट्ट्यात कबड्डीचे सामने सुरू होतात. शेणाने सारवलेल्या मैदानांवर आता मॅट आली, पेट्रोमॅक्सच्या जागी प्रखर दिवे आले. पण सगळ्यात मोठा बदल प्रेक्षकांच्या तोंडी असलेल्या प्रश्नात झाला आहे. पूर्वी चांगली चढाई झाली की माणसं विचारायची, "कुणाचा रे हा पोरगा?" आता विचारतात, "याला किती मिळतील?"

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, त्याचा हा परिणाम. मला त्यात वाईट काही दिसत नाही. ज्या खेळात आयुष्य घालवून पूर्वीच्या लोकांना एखादी ढाल आणि फार तर बँकेत नोकरी मिळायची, त्यात मुलांना लाखांनी पैसे मिळत असतील तर आनंदच आहे. २०२२ साली तर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या पहिल्या दोन संघांचे खेळाडू लिलावाच्या यादीत घेतले गेले. म्हणजे कॉलेजच्या मैदानावरून थेट व्यावसायिक संघाकडे जायची वाट खुली झाली. प्रश्न एवढाच की कॉलेजातला मुलगा पारखायचा कसा?

हा प्रश्न मला मुद्दाम विचारला गेला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. उत्तम चढाईपटू. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की कॉलेज सोड, वर्षभर नुसता सराव कर, लिलावात तुझं नाव येईलच. बाप माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, तुम्ही इतकी वर्षं सामने बघताय. पोरगा खरंच तेवढ्या ताकदीचा आहे का?" मी त्याला सांगितलं, "तू थांब. मी आधी बघतो, मग बोलतो." त्या हंगामात त्याचे तीन सामने मी वही घेऊन पाहिले.

गुणांची बेरीज मी केली नाही, गुण कसे आले ते लिहिलं. बोनस गुण आणि गडी बाद करून मिळवलेला गुण, धावफलकावर दोन्ही सारखेच. पण बोनस मिळतो तो समोर निदान सहा गडी असतील तेव्हाच. समोर चौघे उरले की नुसत्या बोनसवर जगणाऱ्या चढाईपटूची शिदोरी संपते. या मुलाचे निम्म्याहून अधिक गुण बोनसचे निघाले. दुसरं, तो प्रत्येक वेळी उजवीकडेच वळतो. तालुक्याच्या सामन्यात हे खपतं. व्यावसायिक संघ मात्र आदल्या रात्री चित्रफीत बघून येतात. तिसरं, दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची ती 'करो या मरो' चढाई. तिथे तो घाई करतो. तीस सेकंद हातात असतात, हा दहाव्या सेकंदालाच कोपऱ्यावर झेपावतो.

आता जमेची बाजू. हात लांब आहेत. पाय हलके आहेत, आणि हुलकावणी देताना खांदा एकीकडे, पाय दुसरीकडे, ही शिकवून न येणारी गोष्ट त्याला येते. पकडला गेला की चिडत नाही, बाहेर बसून समोरच्या बचावाकडे बघत राहतो. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली. चढाईपटू अर्धा वेळ बाहेर बसलेला असतो. तिथे तो काय करतो, त्यावरून पुढची दहा वर्षं कळतात.

ही पारख किती अवघड आहे, याचा दाखला अमेरिकेतही मिळतो. त्यांच्या फुटबॉलमध्ये 'वाइड रिसीव्हर' नावाचा गडी असतो. अंगावर धावून येणाऱ्या बचावपटूला चकवायचं आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. म्हणजे आपल्या चढाईपटूचा लांबचा भाऊच. कॉलेजातून असे खेळाडू निवडण्याआधी त्यांना चाळीस यार्ड पळवून घड्याळ लावतात. २०१७ साली जॉन रॉस हा मुलगा ४.२२ सेकंदांत पळाला, तेव्हाचा तो विक्रम. नवव्या क्रमांकावर त्याची निवड झाली आणि पहिल्या हंगामात त्याने एकही झेल घेतला नाही. उलट १९८५ साली मिसिसिपीतल्या एका लहानशा कॉलेजातला जेरी राइस सोळाव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्याआधी त्याच जागेचे दोन खेळाडू घेतले गेले होते. पुढे त्या जागेवरचे जवळजवळ सगळे मोठे विक्रम त्याच्या नावावर झाले. घड्याळाने धाव मोजली जाते, नजर मोजली जात नाही.

आणि लिलावातली किंमत? तीही माणसाची किंमत नव्हे, त्या दिवशीच्या संघाच्या गरजेची किंमत असते. चंदगडकडचा आपला सिद्धार्थ देसाई बघा. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने १.४५ कोटी मोजले. मग दुखापत झाली. २०२२ मध्ये तोच सिद्धार्थ २० लाखांना गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा एक कोटीला. माणूस तोच, कसब तेच. मधे फक्त शरीराने दगा दिला. पवन सेहरावतला २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने २.२६ कोटींना घेतलं, आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून त्याचा सगळा हंगाम गेला. तो पवन होता, पुढच्या वर्षी त्याला आणखी मोठी किंमत मिळाली. आमच्या गावच्या एकोणीस वर्षांच्या पोराचा गुडघा गेला तर त्याच्यासाठी कोण थांबणार आहे?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुलाला खेळू द्यावं, अगदी जोरात खेळू द्यावं, पण कॉलेज सोडून नव्हे. विद्यापीठाच्या संघातून खेळायचं तर कॉलेजात नाव हवंच. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, तिथेही पदवी लागते ती लागतेच. आणि लिलाव हा एकच दरवाजा नाही. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार नवोदित म्हणून पुणेरी पलटणमध्ये आला आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याच पलटणचा कर्णधार म्हणून त्याने करंडक उचलला. संघाने त्याला घडू दिलं, त्याने स्वतःला घडू दिलं.

बापाला मी सांगितलं, "पोरगा गुणी आहे. आज तयार नाही, दोन वर्षांनी होईल. डावीकडची चढाई शिकव, गुडघ्याचे व्यायाम चुकवू देऊ नकोस, आणि टी. वाय.चा फॉर्म वेळेत भर." त्याचा चेहरा जरा उतरला. त्याला आकडा ऐकायचा होता. पण मुलांची पारख करताना शिक्षकाने आकडा सांगू नये, असं माझं जुनं मत आहे. दहावीच्या निकालालाही मी ते पाळत आलो.

चढाईत एक साधा नियम आहे. समोरचे कितीही गडी बाद केलेत तरी दम असेपर्यंत मध्यरेषेला परत आलात तरच ते गुण तुमचे. पोरांना आत जायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. परत यायची वाट मोकळी ठेवणं हे घरच्यांचं काम आहे.