एका टीव्हीसमोर चौघं

प्रति,
ईए स्पोर्ट्स एफसी घडवणारी मंडळी,
इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, व्हँकुव्हर आणि हैदराबाद



प्लेस्टेशन ५ भारतात आला तो २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. भिलाईत त्याला अजून ‘नवा कन्सोल’च म्हणतात, कारण ज्यांच्या घरी कन्सोल आहे त्यातल्या बऱ्याच जणांकडे जुना प्लेस्टेशन ४ च आहे. नव्यावर खेळायचं तर सुपेल्यात किंवा सिव्हिक सेंटरकडे एखादं गेमिंग पार्लर गाठायचं आणि तासाचे पैसे मोजायचे. तिथे कोचिंग सुटलेली पोरं असतात, सेकंड शिफ्टच्या आधी वेळ काढणारे स्टील प्लँटमधले तरुण असतात आणि माझ्यासारखे पस्तिशी ओलांडलेले दोन-चार निर्लज्जही असतात. टीव्हीवर बहुतेक वेळा तुमचाच फुटबॉल. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी तुमचं देणं चुकतं करतो. जुन्या कन्सोलवर सामना उघडेपर्यंत पुढचा डाव कुणाचा यावरून भांडण होऊन ते मिटायचंही. नव्यावर काही सेकंदांत मैदान समोर येतं. जिथे घड्याळ लावून पैसे घेतात तिथे ही सोय चित्रापेक्षा मोठी. चित्रही काही लहान नाही म्हणा. उतरत्या उन्हाच्या सामन्यात अर्ध्या मैदानावर पडलेली स्टँडची सावली, चेंडू गेल्यावर जाळीला बसणारा हिसका, घामाने कपाळाला चिकटलेले केस, सगळं बघत राहावं असं.

पण मला सर्वांत आवडलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. फिफा २१ च्या नव्या कन्सोलवरच्या आवृत्तीपासून तुम्ही पळायचं बटण खेळाडूच्या दमाशी बांधलंत. सुरुवातीला उजव्या हाताचा तो ट्रिगर बोटाखाली अलगद दबतो. ऐंशीव्या मिनिटाला थकलेल्या विंगरला पळवायला जावं तर तोच अडतो, जोर लावावा लागतो. गडी दमलाय हे पडद्यावरची पट्टी न बघता तर्जनीला कळतं. आमचे पार्लरवाले हे सेटिंग बंद करून ठेवतात, ही गोष्ट वेगळी. ट्रिगरची स्प्रिंग गेली की भुर्दंड त्यांना, आणि हा रिमोट भारतात आला तेव्हाच ५,९९० चा होता. जुन्या चारचे रिमोट नव्या कन्सोलच्या खेळांना चालत नाहीत, त्यामुळे दुकानात त्यांची रास पडून असते. तो हिशेब मात्र सोनीशी करायचा, तुमच्याशी नाही.

हालचालींवरही तुम्ही मेहनत घेतलीत. फिफा २२ साठी बावीस खेळाडूंना सेन्सर लावलेले पोशाख घालून तुम्ही खराखुरा सामना खेळवलात. फिफा हे नाव सोडल्यावर आलेल्या एफसी २४ साठी १८० हून अधिक व्यावसायिक सामन्यांतून हालचाली टिपल्यात. त्याचा परिणाम असा की आता बचावपटू वळताना आधी खांदा जातो, मग पाय. अंगाला वजन आलं. पण या वजनापायी बटण दाबलं तरी गडी आधी आपली चालू हालचाल पुरी करतो आणि तोवर समोरचा चेंडू घेऊन पसार. ही ओरड जगभर होती, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला आलेल्या एफसी २६ मध्ये तुम्ही खेळण्याच्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्यात: करिअर मोडसाठी खऱ्याकडे झुकणारी, ऑनलाइन चढाओढीसाठी चपळ. उशिरा सुचलं, पण नेमकं सुचलं.

आमच्याकडे एक वाक्य रोज ऐकू येतं: ‘मॅच गेमने घेतली.’ म्हणजे दोन गोलांनी मागे पडलेल्याला संगणकाने हात दिला, नाहीतर मी कुठला हरतोय! अमेरिकेत याच संशयावरून नोव्हेंबर २०२० मध्ये तुमच्यावर खटला झाला. काठिण्य आपोआप बदलण्याचं तंत्र या खेळात वापरत नाही असं तुम्ही सांगितलंत, आणि फिर्यादींनी पुढच्या वर्षी खटला मागे घेतला. माझा तुमच्यावर विश्वास आहे. हरलेल्याचा बसणार नाही, कारण नव्वदाव्या मिनिटाला दमलेल्या बचावपटूचा पास का चुकला हे खेळ त्याला सांगत नाही. सामना संपल्यावर आकड्यांची भिंत उभी करता, त्याऐवजी एवढं एक वाक्य दाखवलंत तर निम्मी भांडणं थांबतील.

आता मूळ तक्रार. तुमचा खेळ शेजारी बसलेल्या माणसाला विसरत चालला आहे.

आमचं गाव थोडं समजून घ्या. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू केली आणि नोकरीसाठी देशभरातून माणसं आली. आजोबा विदर्भातून आले. क्वार्टरच्या एका ब्लॉकमध्ये मराठी, बंगाली, मल्याळी, तेलुगू, ओडिया असा शेजार. आम्हां वैदर्भीयांना फुटबॉलचं वेड लागलं ते वरच्या मजल्यावरच्या बंगाली काकांकडून आणि समोरच्या मल्याळी पोरांकडून. व्हिडिओ गेम आला तोही असाच, ज्याच्या घरी त्याच्या हॉलमध्ये सगळे. आजही पार्लरमध्ये एका टीव्हीपुढे दोन-दोनांच्या जोड्या बसतात, हरलेली जोडी उठते, मागे उभे असलेले सहाजण सल्ले देतात. ऑफसाइडच्या निर्णयावर भांडण्यासाठी प्रतिस्पर्धी हाताच्या अंतरावर लागतो.

आणि तुमचा ‘क्लब्ज’ हा प्रकार बघा. मुळात कल्पना फार सुंदर: मित्रांनी मिळून एक संघ काढायचा, प्रत्येकाने आपला एक खेळाडू घडवायचा, वर्षभर एकत्र खेळायचं. एका ब्लॉकमधल्या चौघांसाठी याहून चांगलं काय असेल? पण तिथे एका कन्सोलवर एकच जण. चौघांना खेळायचं तर चार कन्सोल, चार टीव्ही, खेळाच्या चार प्रती आणि वर ऑनलाइनसाठी सोनीची चार सभासदत्वं. नुसत्या कन्सोलचेच दोन लाख झाले. बरं, एवढं करून चौघांनी चार घरी बसायचं आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलायचं, जे आवाज भिंतीपलीकडून तसेही ऐकू आले असते.

तुम्हाला हे जमत नाही असं कसं म्हणू? फिफा १९ मध्ये तुम्हीच ‘हाउस रूल्स’ आणलेत. त्यातला ‘सर्व्हायव्हल’ आमच्याकडे तुफान चालला. गोल केला की गोल करणाऱ्याच संघाचा एक खेळाडू कमी. तीन गोलांनी पुढे असलेला पठ्ठ्या आठ जणांत किल्ला लढवतोय आणि मागे उभी असलेली जनता आता संख्येने जास्त असलेल्या पिछाडीच्या बाजूला, अशी मजा तुमच्या कुठल्याही चकचकीत ऑनलाइन स्पर्धेत नाही. ‘नो रूल्स’मध्ये ना ऑफसाइड ना फाउल, तिथे आमच्यातला सर्वांत सज्जन मुलगा जे पाय घालायचा ते सांगण्यासारखं नाही. फिफा २० मध्ये गल्लीतल्या फुटबॉलचा ‘व्होल्टा’ आणलात, एफसी २५ मध्ये तो काढून पाच-पाच जणांचा ‘रश’ दिलात. रश चांगला आहे. छोटं मैदान, पटापट डाव, हरलं तरी राग येत नाही. अशा प्रकारांत तुमचे लोक जीव ओततात तेव्हा ते दिसतं. अडचण ही की वर्षभर कौतुक आणि नवनवा माल मिळतो तो दुसऱ्याच खोलीला.

ती खोली म्हणजे ‘अल्टिमेट टीम’. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात तुमच्या सगळ्या खेळांतल्या या प्रकारातून तुम्हाला १६२ कोटी डॉलर मिळाले, कंपनीच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे २९ टक्के. कोंबडी सोन्याची अंडी घालत असेल तर धान्य तिलाच पडणार, हे कळण्याइतका व्यवहार आम्हालाही कळतो. पण पैसे देऊन बंद पाकीट घ्यायचं, आत कुठला खेळाडू निघेल ते नशिबावर, आणि पुढच्या सप्टेंबरात नवा खेळ आला की जमवलेला सगळा संघ मागेच राहणार. बेल्जियमने हा जुगार ठरवला आणि जानेवारी २०१९ च्या अखेरीस तुम्हाला तिथली पैशांची विक्री थांबवावी लागली. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. तुमच्या पाकिटात रुपया जातो, परत येत नाही. म्हणजे चेंडू कायद्याकडून तुमच्याकडे आला. पाकिटांत काय निघण्याची शक्यता किती हे तुम्ही फिफा १९ पासून छापता, खर्चावर मर्यादा घालायची सोयही २०२० मध्ये दिलीत. दोन्ही गोष्टी चांगल्या, आणि दोन्ही मेनूत इतक्या आत की सोळा वर्षांच्या पोराच्या बापाला त्या सापडणं कठीण. दुकान मात्र पहिल्या पानावर. उलट करून बघा.

परवान्यांच्या गमतीवर फार लिहीत नाही. एफसी २५ मध्ये इंटर मिलान ‘लोंबार्डिया’ झाला आणि लाझियो ‘लाटियम’. वकिलांच्या कारभारापुढे तुम्ही तरी काय करणार, पोरं हसतात आणि खेळतात. भारताबद्दल मात्र बोलायलाच हवं. फिफा २२ मध्ये तुम्ही इंडियन सुपर लीग घेतलीत तेव्हा मुंबई सिटी आणि एफसी गोवा निवडायला इथे चढाओढ झाली होती. नावं खरी, जर्सी खऱ्या. बहुतेक चेहरे मात्र साच्यातून काढलेले. पोर्तुगालच्या खेळाडूच्या दाढीचा केस न् केस मोजणाऱ्यांनी आमच्या गोलरक्षकाला कुणाचंही तोंड लावावं? त्याहून बोचणारी गोष्ट करिअरमधली. इथला मुलगा स्वतःच्या नावाचा खेळाडू घडवतो, राष्ट्रीयत्वात भारत निवडतो, आयएसएलमधून सुरुवात करून युरोपात पोहोचतो, आणि देशाकडून बोलावणं कधीच येत नाही, कारण एफसी २४ आणि एफसी २५ मधल्या राष्ट्रीय संघांत भारत नाहीच. मग पोरं राष्ट्रीयत्व बदलून घेतात. अर्जेंटिनाचे किती साहू आणि देशमुख आमच्या पार्लरच्या हार्ड डिस्कवर आहेत म्हणून सांगू!

एफसी २५ मध्ये महिला संघांचं करिअर आलं, ही मोठी गोष्ट. इंग्लंड, अमेरिका, स्पेन, जर्मनी, फ्रान्स, सगळ्या लीग आहेत. २०१७ पासून चालू असलेली आमची इंडियन विमेन्स लीग नाही. शेजारचा बालोद जिल्हा म्हणजे दल्ली-राजहराच्या खाणींचा, तिथलं लोहखनिज आमच्या भट्ट्यांत येतं. त्याच बालोदची किरण पिस्दा भारताकडून खेळली, क्रोएशियात दिनामो झाग्रेबकडूनही खेळून आली. तुमच्या करिअर मोडची पटकथा ती प्रत्यक्षात जगली आहे, आणि पटकथेची पहिलीच पायरी तुमच्याकडे नाही.

तेव्हा मागणं असं. क्लब्जमध्ये एका कन्सोलवर चार रिमोट चालू द्या. कन्सोलच्या मालकाचं खातं, बाकीचे तिघे पाहुणे म्हणून, आणि त्यांचे घडवलेले खेळाडू पुढच्या शनिवारी तिथेच सापडावेत. हाउस रूल्सना वर्षाला एखादा नवा नियम मिळू द्या. भारताचे पुरुष आणि महिला संघ घ्या, परवान्यासाठी दिल्लीला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे एक माणूस पाठवावा लागेल, एवढंच. आणि हैदराबादच्या तुमच्या कचेरीतल्या कुणीतरी एखाद्या शनिवारी संध्याकाळी भिलाईला यावं, ओळख न सांगता मागच्या रांगेत उभं राहावं. डाव मिळायला वेळ लागेल, तोवर चहा आमच्याकडून.

आपला,
भिलाईतला एक मराठी खेळाडू

ता. क. एफसी २४ आला तेव्हा फिफा नावाचे जुने खेळ डिजिटल दुकानांतून गायब झाले. नव्याने घेऊ पाहणाऱ्याला डिस्कचाच आधार उरला. इथे एक डिस्क नेहरूनगरातून सेक्टर सहात, तिथून पॉवर हाउसला अशी अर्ध्या किमतीत फिरत राहते, आणि तिच्या जोरावर तुमचा खेळ अशा घरांत पोहोचतो जिथे चार-पाच हजारांचा नवा खेळ कधीच आला नसता. ती छापणं बंद करू नका.