गाडी अमानत, मजुरी हक्काची

चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळसा ट्रकांपासून आलापल्ली-सिरोंच्याच्या जीपगाड्यांपर्यंत दुरुस्तीचे काम करणारे आपले असंख्य बंधू आहेत. त्यांची एक तक्रार आमच्या कानी नेहमी येते. काम होईपर्यंत गिऱ्हाईक गोड बोलते आणि बिल पाहताच म्हणते, "हे मी सांगितलेच नव्हते." आमच्या मते ही भांडणे गाडी आत घेतली त्याच दिवशी पेरली जातात. गाडी खोलायला सांगतो ड्रायव्हर, पैसे द्यायचे मालकाने. हेड उघडले की आणखी दोन दुखणी निघतात आणि मिस्त्री कोणाला न विचारता तीही उरकून टाकतो. अशा वेळी पाना खाली ठेवून मालकाला फोन करावा, वाढीव खर्च सांगावा, होकार वहीत नोंदवावा. काढलेला जुना माल पोत्यात बांधून गाडीतच ठेवावा. बाजारात आवाज चढला की भांडण बिलापुरते राहत नाही, हे आपल्या लोकांना सांगायला नको.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० फार थोड्या कारागिरांना ठाऊक असते. मेहनत किंवा कसब लावून काम केले असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क त्यात दिला आहे. पण हा हक्क त्याच कामाच्या मजुरीपुरता आहे. मागच्या दिवाळीच्या बाकीसाठी आजची गाडी अडवता येत नाही. उधारी कबूल केली तर हक्क गेलाच. तीन महिन्यांची मुदत दिलेल्या शिंप्याला कोट अडवता येत नाही, असे उदाहरण कायद्यातच आहे. शिवाय ठेवलेली गाडी अमानत असते. तिचे टायर, बॅटरी, डिझेल सांभाळावे लागते. ती घेऊन गावभर फिरलात तर दोष तुमचा.

भामरागड किंवा एटापल्लीच्या वाटेवर बंद पडलेल्या गाडीसाठी पेटी घेऊन जाणाऱ्याला हे कलम फारसे कामाचे नाही. गाडी त्याच्या ताब्यात येतच नाही, चालू झाली की निघून जाते. म्हणून जाण्यायेण्याचा खर्च आणि निम्मी मजुरी निघण्याआधीच घ्यावी. यात लाज कसली?

आता उधारीचे. सूरे बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा हुकूम आहे आणि दोनच आयती आधी अडचणीतल्या देणेकऱ्याला सवलत देण्याचाही. धान निघेपर्यंत थांबा म्हणणारा ट्रॅक्टरवाला शेतकरी आणि तेंदूचा हंगाम संपताच जिल्हा सोडणारा ठेकेदार यांना एकाच मापाने मोजू नये. शेतकऱ्याला मुदत द्यावी, सहीनिशी द्यावी. ठेकेदाराची चावी पैसे हातात पडल्यावरच सोडावी.

राहिली सरकारी गाडी. साहेबांचे नाव सांगून कोणी घाई केली तरी कामाचा लेखी आदेश मागावा. कागदाशिवाय बिल मंजूर होत नाही, हे साहेबांनाही ठाऊक असते.