बाईकचं इंजिन की कारचं?

"मामू, दीडशे हॉर्सपॉवर, आणि वजन ऐंशी-नव्वद किलो. गिअरबॉक्स धरून!" गेला महिनाभर माझा भाचा मला हे एकच वाक्य ऐकवतोय. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीत गॅरेजवर जातो, हात साफ आहे. त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना लोखंडी नळ्या वेल्ड करून दोन सीटची छोटी उघडी गाडी बनवायची आहे आणि तिच्यात सुपरबाईकचं इंजिन टाकायचं आहे. मोबाईलवर असे व्हिडिओ बघून हीच भाषा बोलणारी पोरं आता गावोगावी भेटतात. त्यांचा शौक मला खोटा वाटत नाही. इंजिनाची निवड मात्र चुकते आहे असं माझं मत आहे, आणि त्यात बापाच्या खिशातले पैसे जाणार असल्यामुळे ते सविस्तर मांडतो.

हा शौक मूळचा ब्रिटनचा. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं 'सेव्हन' नावाची गाडी आणली. तयार गाडी घेतली तर खरेदी कर लागायचा, सुटे भाग घेऊन घरी जोडली तर लागत नसे. त्यामुळे लोक खोकी घरी आणायचे आणि गाडी स्वतः जोडायचे. १९७३ मध्ये करपद्धत बदलली, त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि ती आजही बनते. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं एक पुस्तक आलं. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बनवा, असं त्याचं नावच सांगत होतं. जुनी फोर्ड एस्कॉर्ट भंगारात घ्यायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल काढायचा आणि घरी बनवलेल्या सांगाड्यात बसवायचा. हजारो लोक या वेडाला लागले. म्हणजे सुरुवात कारच्या इंजिनापासून झाली, आणि का झाली ते पुढे येईलच.

बाईकची इंजिनं या खेळात जोरात आली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. १९९८ मध्ये यामाहाची आर-वन आली, ९९८ सीसीत १५० हॉर्सपॉवर. पुढच्याच वर्षी सुझुकीची हायाबुसा. त्या काळात एवढी ताकद देणारं कारचं इंजिन चांगलं दोन लिटरचं असायचं आणि गिअरबॉक्स धरला तर वजन जवळपास दुप्पट भरायचं. बाईकच्या इंजिनाचा गिअरबॉक्स त्याच्या पोटातच असतो, गिअर एकापाठोपाठ एक पडतात, इंजिन दहा हजार फेऱ्यांच्या वर जाऊन किंचाळतं. हलक्या गाडीत हे बसवल्यावर जी गंमत येते ती मी नाकारत नाही. ज्यानं एकदा तो आवाज ऐकला त्याला माझं पुढचं बोलणं कोरडं वाटेल.

तरीही वजनाचा हिशेब टाळता येत नाही. आजची हायाबुसा २६६ किलोची आहे. स्वार सत्तर किलोचा धरला तर इंजिनाला साधारण ३३५ किलो ओढायचे असतात. तेच इंजिन पाचशे किलोच्या गाडीत टाकलं, दोन माणसं बसली, की बोजा ६४० किलोवर जातो. जवळजवळ दुप्पट. हायाबुसाचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला इंजिनाची ओढ म्हणतात ती, १५० न्यूटन मीटर आहे, पण ती ७००० फेऱ्यांना मिळते. मारुती ईको घ्या. भाजी, सिलिंडर आणि शाळेची पोरं वाहणारी गाडी, तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. तिच्या १२०० सीसी इंजिनाची ओढ जेमतेम १०४ न्यूटन मीटर, पण ती ३००० फेऱ्यांनाच हजर असते. सिग्नलवरून निघताना, चढावर, खड्ड्यातून बाहेर पडताना इंजिन तीन हजारांच्या आसपासच असतं, सात हजारांना नाही.

भाचा म्हणतो, गिअरचं प्रमाण बदलून घेऊ. घेता येतं. बोजा दुप्पट असेल तर मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण बदलून चाकाकडची ओढ वाढवता येते. पण मग हायवेवर साध्या वेगालाही इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत फिरत राहतं. अर्धा तास ऐकायला मजा येते, तीन तासांनी डोकं उठतं. आणि इंजिन ज्या फेऱ्यांत क्वचित जावं म्हणून बनवलंय, तिथं ते कायमचं राहायला लागतं. क्लचचं दुखणं वेगळंच. बाईकचा क्लच तेलात बुडालेला, पातळ प्लेटांचा, अडीच-तीनशे किलोच्या गाडीला निघायला मदत करावी म्हणून बनवलेला. सुपरबाईकचा पहिला गिअरसुद्धा शंभरच्या पुढे पळतो, त्यामुळे जड गाडी हलवायची म्हणजे क्लच अर्धा दाबून घासत घासत निघायचं. घाटातल्या ट्रॅफिकमध्ये तो किती टिकेल, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा.

सगळ्यात महागडी गोष्ट मात्र व्हिडिओत दिसतच नाही. ती तेलाची आहे. दुधाची किटली हातात धरून स्वतःभोवती गरकन फिरा, किटली तिरकी होते आणि दूध तळाशीच राहतं. तीच किटली हातगाडीवर उभी बांधून जोरात वळण घ्या, दूध एका बाजूला चढून सांडतं. बाईक वळणावर आडवी होते, म्हणून तिच्या चेंबरमधलं ऑईल तळाशी राहतं आणि पंपाला मिळत राहतं. गाडी आडवी होत नाही. लांब वळणावर ऑईल एका भिंतीला जाऊन चिकटतं, पंप हवा ओढतो आणि काही सेकंदांत क्रँकचे बेरिंग खलास. म्हणून बाईकचं इंजिन चारचाकीत टाकणारे जाणकार आधी चेंबर कापून त्यात आडव्या पट्ट्या बसवतात, नाहीतर ऑईलची वेगळी टाकी आणि वेगळा पंप लावतात. हे काम स्वस्त नाही आणि अंदाजानं करायचं तर अजिबात नाही.

मग रिव्हर्सचा प्रश्न. साध्या बाईकला तो नसतो. त्यासाठी मधे वेगळा गिअरबॉक्स घाला किंवा इलेक्ट्रिक मोटर लावा. चेन स्प्रॉकेटच्या जागी प्रॉपेलर शाफ्ट जोडायला खास तुकडा लेथवर बनवून घ्या. हे सगळं जोडून झालं की ते 'ऐंशी-नव्वद किलो' कुठल्या कुठे गेलेले असतात, आणि खर्चही.

ज्यांचा धंदाच हलक्या गाड्या बनवण्याचा आहे त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. एरियल अॅटम ही सांगाडा उघडा असलेली ब्रिटिश गाडी जगभर गाजली. तिच्यात बरीच वर्षं होंडा सिव्हिकचं इंजिन बसतंय, म्हणजे कारचं. केटरहॅमनं एके काळी होंडाच्या ब्लॅकबर्ड आणि फायरब्लेड बाईकची इंजिनं टाकून पाहिली होती. २०२१ साली त्यांनी आपली सर्वात हलकी, साधारण ४४० किलोची 'सेव्हन १७०' आणली, तेव्हा इंजिन निवडलं ते सुझुकीचं ६६० सीसीचं, जपानमधल्या चिमुकल्या कारमध्ये बसणारं. ताकद फक्त ८४ हॉर्सपॉवर. एवढ्या अनुभवी कंपनीला दीडशेचा मोह का झाला नाही, हा प्रश्न मी भाच्याला विचारला. तो म्हणाला, "त्यांना गिऱ्हाईकाच्या शिव्या खायच्या नसतील." उत्तर वाईट नव्हतं.

याचा अर्थ बाईकचं इंजिन चारचाकीत कुठेच बसू नये असा नाही. रॅडिकल या ब्रिटिश कंपनीनं आपलं नाव बाईकच्या इंजिनांवरच कमावलं. तिच्या एसआर-एट गाडीत हायाबुसाच्या रचनेवरून घडवलेलं आठ सिलिंडरचं इंजिन होतं, आणि २००९ मध्ये त्या गाडीनं जर्मनीतल्या नुरबर्गरिंगच्या वीस किलोमीटरहून लांब ट्रॅकची फेरी ६ मिनिटं ४८ सेकंदांत मारली. पण ती ट्रॅकसाठीच जन्मलेली गाडी. ऑईलची सोय पहिल्या दिवसापासून केलेली, आणि शर्यतीनंतर इंजिन उघडून बघणारी माणसं हाताशी.

आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही बाईकचं इंजिन शोभतं, ते फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत. नियम ७१० सीसीच्या आतला, हवा जायला फक्त वीस मिलिमीटरचं भोक, गाडी एका माणसाची. तिथं केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन भारतातले बरेच संघ वापरतात. ते आपल्या चाकणला बनतं, सुटे भाग मिळतात आणि बिघडलं तर उघडणारा माणूस जवळ सापडतो. भाच्याला मी हेच सांगतो. बाईकच्या इंजिनाची एवढी हौस असेल तर कॉलेजच्या संघात घुस, तिथं चुका करायला परवानगी आहे आणि खर्च वाटला जातो.

घरी बनवायची असेल तर तिला रस्ता नाही, हे आधी मान्य करावं लागेल. ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकेक गाडी सरकारी तपासणीला नेता येते, ब्रेकपासून आरशापर्यंत सगळं बघतात, पास झाली की नंबर मिळतो. आपल्याकडे कंपनीनं आपला नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजूर करून घ्यायचा असतो, गॅरेजमधल्या एका पोराच्या एका गाडीसाठी तसा सोपा दरवाजा नाही. असलेली गाडी बदलायची म्हटलं तरी जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं कलम ५२ चा अर्थ लावून सांगितलंय की उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी गाडी चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, असं लिहून ठेवलं. मला हे अर्धवट वाटतं. रस्त्यावर धोकादायक गाडी नको हे खरंच, पण आमच्या मोहल्ल्यांतल्या गॅरेजांत उस्तादाकडून इंजिन शिकलेल्या पोरांकडे हुन्नर आहे आणि तो तपासून त्यावर शिक्का मारणारी जागा देशात नाही. ती असती तर निम्म्या पोरांनी सुरक्षेचे नियम आवडीनं पाठ केले असते. पण जोवर ती नाही, तोवर ही गाडी शेतात, खासगी आवारात किंवा भाड्यानं मिळणाऱ्या ट्रॅकवरच.

आणि तिथंसुद्धा माझं मत ईकोकडे आहे. किंवा २०१९ ला बंद झालेल्या ओम्नीकडे. हसू नका. भारतातल्या स्वस्त गाड्यांत इंजिन उभं बसवलेलं, मागे गिअरबॉक्स, मग शाफ्ट आणि मागच्या चाकांना ताकद, अशी रचना फार थोड्यांकडे उरली आहे. चॅम्पियन यांनी एस्कॉर्ट निवडली ती याच रचनेसाठी. इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, अॅक्सल, सगळं एकाच गाडीतून निघतं आणि एकमेकांना आधीच जुळलेलं असतं. रिव्हर्स आहे. ऑईल वळणावर हलणार हे बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं आहे. क्लचप्लेट तालुक्याच्या दुकानात मिळते. ईकोचं इंजिन साडेपाचशे किलोच्या गाडीत सत्तर-ऐंशी हॉर्सपॉवरनं पळालं तर ती पहिल्या दिवशी कुणालाही घाबरवेल, आणि सहाव्या महिन्यातही चालू असेल.

इंजिन भंगारवाल्याकडून घेताना मात्र पावतीवर इंजिन नंबर लिहून घ्यायचा, ज्या गाडीतून निघालं तिची नोंद आरटीओत रद्द झाल्याचा कागद मागायचा. कागद नसेल तर स्वस्तात मिळालं तरी उचलायचं नाही. नंबर खोडलेला निघाला तर चौकशीत पहिलं नाव कुणाचं येतं, हे आमच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. भाच्यानं मागच्या रविवारी एक ईको बघितली. ठोकलेली आहे, मागून. इंजिन पुढच्या सीटखाली असतं म्हणून शाबूत आहे, असं तो म्हणाला. मी त्याला अॅक्सल तपासून यायला सांगितलंय.