चार हजार पिक्सेल आणि एक वेलांटी

साहित्य संमेलनाची चित्रफीत, महाविद्यालयाचा माहितीपट, चित्रपटाची झलक, वाहिनीवरील दिवाळीच्या शुभेच्छा, हे सगळे आता ‘फोर के’मध्ये होते. ‘फोर के’ हे मूळचे एका मोजमापाचे नाव. गेल्या काही वर्षांत ते गुणवत्तेचा समानार्थी शब्द होऊन बसले आहे. निविदेत ते लिहिलेले असते, निमंत्रणपत्रिकेत ते अभिमानाने छापलेले असते, आणि ‘एट के’ येऊ घातल्याचे कोणी सांगितले की माना आदराने डोलतात. मग दिवे मालवतात, पडद्यावर सोनेरी धूळ उडते, त्या धुळीतून शीर्षक साकारते, आणि ‘कविता’ या शब्दातली वेलांटी ‘व’च्या आधी येण्याऐवजी ‘व’च्या नंतर, म्हणजे ‘त’च्या डोक्यावर बसलेली दिसते. सभागृहातल्या बहुतेकांना त्याचे काहीही वाटत नाही. ज्या चित्रात शब्द आहे, त्याची पहिली कसोटी तो शब्द अखंड आहे की नाही ही असली पाहिजे आणि पिक्सेलांची संख्या त्यानंतर यावी, असे आमचे म्हणणे आहे. आज हा क्रम उलटा झाला आहे, आणि त्याला केवळ सॉफ्टवेअर जबाबदार नाही.

प्रथम पिक्सेलांचा हिशेब मांडू, कारण प्रतिपक्षाची सारी भिस्त त्यावरच आहे. दूरदर्शनच्या ज्या जुन्या पाल पद्धतीवर आमची पिढी वाढली, तिचे डिजिटल चित्र 720 गुणिले 576, म्हणजे 4 लाख 14 हजार 720 पिक्सेलांचे. फोर केचे चित्र 3840 गुणिले 2160, म्हणजे 82 लाख 94 हजार 400 पिक्सेलांचे, बरोबर वीसपट. एट के त्याच्याही चौपट. मोशन ग्राफिक्सच्या कामात प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे स्मरणात ठेवावे लागतात. रंगांची सर्वांत सूक्ष्म, 32 बिटांची पातळी निवडली तर एट केची एकच फ्रेम सुमारे 53 कोटी बाइट खाते, आणि सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर एका सेकंदाच्या चित्राला 12 अब्जांहून अधिक बाइट लागतात. या क्षेत्रात सर्रास वापरले जाणारे ‘आफ्टर इफेक्ट्स’ हे सॉफ्टवेअर 1993 साली आले. त्यात आज 30,000 गुणिले 30,000 पिक्सेलांपर्यंतचे चित्र रचता येते. हे सामर्थ्य खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

इतकेच नव्हे, देवनागरीला या सामर्थ्याची गरज रोमन लिपीपेक्षा अधिक होती, हेही मान्य केले पाहिजे. जुन्या पाल पद्धतीत चित्राच्या विषम आणि सम ओळी आळीपाळीने उमटत. त्यामुळे एका ओळीच्या जाडीची आडवी रेघ पडद्यावर सतत लुकलुकत राही. रोमन अक्षरांत अशा रेघा मोजक्याच असतात. आपल्या लिपीचा तर प्रत्येक शब्दच शिरोरेषेला टांगलेला! शिवाय ‘द्ध’, ‘ष्ट्य’, ‘द्व्य’ यांसारख्या उभ्या-आडव्या जोडण्यांची पोकळी 576 ओळींत बुजून जाई. म्हणून दूरचित्रवाणीची मराठी अक्षरे जाड, ठोकळेबाज असत. आज तेवढ्याच उंचीच्या पडद्यावर जवळजवळ चौपट ओळी आहेत, शिरोरेषा स्थिर आहे, पोकळ्या मोकळ्या आहेत. लिपीला प्रथमच पुरेशी जागा मिळाली, आणि नेमके त्याच काळात अक्षर मोडले. यापरते दैवदुर्विलसित कोणते?

हे कसे घडते ते समजून घेणे साहित्याच्या विद्यार्थ्याला अवघड नाही. पडद्यावरचा शब्द चार पायऱ्या उतरून येतो. पहिली पायरी संकेतांची: ‘क’, ‘व’, ‘वेलांटी’, ‘त’, ‘काना’ अशी उच्चारक्रमाने मांडलेली साखळी. दुसरी पायरी जुळणीची: कोणते चिन्ह आधी काढायचे, कोणती अक्षरे जोडायची, रफार कोठे चढवायचा, याचा निर्णय येथे होतो. तिसरीत फाँटमधून अक्षरांच्या बाह्यरेषा येतात, आणि चौथीत त्या बाह्यरेषा पिक्सेलांनी भरल्या जातात. रेझोल्यूशनचा प्रवेश केवळ या चौथ्या पायरीवर होतो. चूक मात्र दुसऱ्या पायरीवर झालेली असते. वरच्या पायरीवर मोडलेले जोडाक्षर खालच्या पायरीवर कितीही पिक्सेल ओतले तरी सांधत नाही. उलट अधिक ठळकपणे मोडलेले दिसते. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठ बिघडला होता म्हणून. तिला अधिक चांगला कागद मिळवून देणे हा त्यांचा हेतू नव्हता. अपपाठ गुळगुळीत कागदावर छापला म्हणून शुद्ध होत नाही, हे पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला सांगितले जाते. तोच न्याय पडद्याला लावण्यास आपण का कचरतो?

‘संगणकाला देवनागरी जमत नाही’ ही सबब आता कोणी पुढे करू नये. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोज 2000 मध्ये जोडाक्षरांची योग्य जुळणी होत होती, आणि त्यासाठीचा ‘मंगल’ हा फाँट कवी व अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला होता. म्हणजे साधे पत्र टंकित करणाऱ्या कारकुनाला जी सोय मिळाली, ती कोट्यवधी पिक्सेल हाताळणाऱ्या साधनांत पुढे कित्येक वर्षे नव्हती. दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची जुळणी या साधनांत आली ती फार उशिरा. आज ती उपलब्ध आहे, तरी मोडकी अक्षरे थांबलेली नाहीत. याची कारणे दोन.

पहिले कारण ‘कॅरॅक्टर’ या कल्पनेत आहे. मोशन ग्राफिक्सचा सारा नाद अक्षरे एकेक करून नाचवण्याचा. टंकलेखन यंत्रावर उमटावीत तशी ती येतात, एकामागून एक उडी मारतात, विरतात. हे सुटे होणारे एकक रोमन वर्णाच्या मापाने कापलेले आहे. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर. संकेतांच्या हिशेबात ते सहा तुकडे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई. यंत्राने तुकडे मोजून हालचाल दिली की स्त्री आधी ‘स’ होते, मग लंगडा ‘स्’, मग ‘स्त’, आणि सहाव्या ठोक्याला कशीबशी पूर्ण होते. दोन अक्षरांतले अंतर वाढवण्याची रोमन टायपोग्राफीतली शोभिवंत युक्ती देवनागरीला लावली की शिरोरेषेचे तुकडे पडतात. आणि हा गैरसमज एका सॉफ्टवेअरपुरता नाही. देवनागरीचे जोडाक्षर मधोमध तोडू नये, हा नियम युनिकोडच्या अक्षरविभाजनाच्या सर्वसाधारण नियमांतही 15.1 या आवृत्तीत, 2023 साली दाखल झाला. लिपी युनिकोडमध्ये आल्यानंतर बत्तीस वर्षांनी! अक्षर म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याकडे प्रातिशाख्यांच्या काळापासून चर्चिला गेला आहे. त्या चर्चेचे वारस म्हणवणाऱ्यांनी या बत्तीस वर्षांत तो प्रश्न पडद्यापुरता तरी विचारायला हवा होता.

दुसरे कारण कामाच्या रीतीत आहे, आणि येथे अतिउच्च रेझोल्यूशन निरपराध राहत नाही. इतके अवजड चित्र पूर्ण आकारात हाताळणे सामान्य संगणकाला पेलत नाही. म्हणून काम करणारा पूर्वदृश्य अर्ध्यावर किंवा पावावर आणतो. फोर केचा पाव म्हणजे 960 गुणिले 540, म्हणजे सोळाव्या हिश्शाचे पिक्सेल. दिवसभर तो जे पाहतो ते जुन्या दूरदर्शनच्या पातळीचे चित्र असते, आणि त्यात तळटिपेच्या आकाराच्या श्रेयनामावलीतला रफार दिसत नाही. मग अंतिम रेंडर लावायचे. त्याला कित्येक तास लागतात. चूक सापडते ती सकाळी, कार्यक्रमाच्या दिवशी. दुरुस्ती पाच सेकंदांची, पण तिच्यापोटी पुन्हा तेवढेच तास. अशा वेळी जो शब्द उच्चारला जातो तो ‘चालेल’. पिक्सेल जितके वाढतात तितकी दुरुस्ती महाग होते, आणि दुरुस्ती जितकी महाग तितके मुद्रितशोधन अनावश्यक वाटू लागते. तांत्रिक श्रीमंती आणि भाषिक दारिद्र्य एकाच पडद्यावर सुखाने नांदतात ते यामुळे.

यावर एक तोडगा सर्रास सुचवला जातो: शब्द दुसऱ्या सॉफ्टवेअरात जुळवावा, त्याच्या बाह्यरेषा करून चित्र म्हणून आणावा. अडलेल्या प्रसंगी हे ठीक. पण त्या क्षणी शब्द हा शब्द राहत नाही, त्याची आकृती होते. ती शोधता येत नाही, जागच्या जागी दुरुस्त करता येत नाही. युनिकोडपूर्व फाँटांच्या काळात मराठीचा किती तरी मजकूर अशाच रीतीने पुढच्या यंत्रांना अवाच्य झाला. त्याच खड्ड्यात पुन्हा हौसेने उतरण्याचे कारण काय?

‘प्रेक्षकाला कळते ना, मग झाले’ असा युक्तिवाद करणाऱ्यांना आम्ही एकच उदाहरण देऊ. मराठीत ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ हे दोन वेगळे समारंभ आहेत. रफार आणि अर्धचंद्री ‘ऱ्य’ यांतला भेद जुळणीत हरवला, की विद्यापीठाच्या व्यासपीठावर कोणाला शाल घातली जात आहे हे पडद्यावरून ठरवता येणार नाही. तीच गत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांची. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ यांचा आग्रह धरणारा शासननिर्णय 2009 साली निघाला. फाँटमध्ये ती रूपे असली तरी मजकूर मराठी आहे हे साधनाला सांगावे लागते, अन्यथा हिंदीची वळणे येतात. सांगण्याचे काम कोणाचे, हे कोणीही ठरवलेले नाही.

छापखान्यात हे ठरलेले होते. खिळे जुळवणाऱ्याला आपण जुळारी म्हणत असू. इंग्रजीत तो कंपोझिटर. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात शेकडो खिळ्यांतून जोडाक्षरे हाताने जुळत, आणि जुळाऱ्याच्या पाठीशी मुद्रितशोधक असे. आजच्या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरने नावापुरता तोच वारसा घेतला. चित्रांचे थर जुळवणारा आला, त्याच्यामागचा शोधक मात्र नाहीसा झाला. कामाच्या वेळापत्रकात रंगसंगतीसाठी दिवस राखलेला असतो, ध्वनीसाठी असतो. अक्षरासाठी एक तासही नसतो.

मराठी विभागांनी हे काम ‘तांत्रिक’ म्हणून झटकून टाकू नये, एवढेच आमचे मागणे आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात मुद्रितशोधन शिकवले जाते, तेथे पडद्यावरील मजकुराचे शोधन आले पाहिजे: संकेत आणि जुळणी यांतला फरक, ‘ऱ्य’ आणि रफार यांची तपासणी, आणि अंतिम रेंडरपूर्वी प्रत्येक शीर्षकाची एक स्थिर फ्रेम पूर्ण आकारात काढून वाचण्याची सवय. या शेवटच्या गोष्टीला काही क्षण पुरतात आणि छदामही लागत नाही. आणि जी संस्था आपल्या चित्रफितीसाठी फोर केची अट घालते, तिने त्याच करारात अक्षरशोधनाची अटही घालावी. ती घातली जात नाही तोवर, पडद्याचा आकडा सांगून कोणी आमच्यापुढे गुणवत्तेची भाषा करू नये. 82 लाख पिक्सेलांतून एक वेलांटी जागेवर बसवता येत नसेल, तर त्या पिक्सेलांचा मराठीला उपयोग काय?