गोळी काहून खायची?

"बीपी नॉर्मल आला ना, मग आता काहून गोळी खायची?" मनीषनगरातल्या कुठल्याही फ्लॅट स्कीममध्ये हे वाक्य ऐकू येईल. कदाचित तुमच्याच घरी. पण बीपी नॉर्मल आलाय तो गोळीमुळेच! ती मनानेच बंद केली, की तो पुन्हा चढू शकतो. तोही गुपचूप, कारण बहुतेकदा त्रास जाणवतच नाही.

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये दिलेल्या माहितीनुसार उच्च रक्तदाबाचे रुग्ण सुमारे 22 कोटी, आणि बीपी आटोक्यात असलेले त्यातले जेमतेम 12 टक्के. अनेकांना आजाराचा पत्ताच नसतो, तर अनेक जण उपचार अर्ध्यावर सोडतात.

यावरचा उपाय आपल्या शेजारीच राबवला गेला. 2017 मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीच्या टप्प्यातच होते. सूत्र साधं: ठरलेली औषधं, घराजवळच्या केंद्रात महिन्याच्या गोळ्या आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. म्हणजे नुसता उपदेश करून भागत नाही, मागे लागावं लागतं.

घरात हा पाठपुरावा तुम्हीच करू शकता. गोळीचा अलार्म आईबाबांच्या मोबाइलमध्ये लावून द्या. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर. अर्धा तास आधी चहा नको. आकडा वहीत लिहा. मीठ दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी हवं. त्यात पापड, लोणचं, फरसाण आणि पोह्यांवरची तर्रीही मोजा. शुगरची गोळी घेऊन कडक उपवास करणाऱ्या आजीला आधी डॉक्टरांशी बोलायला लावा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही साखर घसरल्याची लक्षणं असू शकतात. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या. आणि नागपूरच्या मे महिन्यात इन्सुलिन गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

सरकारी कार्यक्रमातली तपासणी तिशीपासून सुरू होते. पण आईबाबांपैकी कुणाला हे आजार असतील, तर तुम्ही तिशीची वाट कशाला बघता? पुढच्या वेळी त्यांना दवाखान्यात न्याल, तेव्हा स्वतःचाही बीपी मोजून घ्या.